सारंगीच्या पानाचा वड

वैशाखाच्या अंकासाठीं बागेविषयीं लिहावयास बसणें वऱ्हाडांतल्या माणसाला जरा अवघडच जातें. पारा ४५ अंशांना टेकलेला, कुंड्यांतल्या गुलाबांनीं माना टाकलेल्या, आणि दुपारीं अंगणांत अनवाणी पाऊल टाकवत नाहीं. अशा दिवसांत फुलांच्या वाफ्यांचीं वर्णनें करणें म्हणजे निर्जळी एकादशीच्या दिवशीं पक्वान्नांची यादी वाचण्यासारखें आहे. म्हणून या खेपेस फुलांचें नांव आम्ही काढीत नाहीं. एका झाडाविषयीं मात्र लिहिणें भाग आहे. कारण या महिन्यांत त्याच एका झाडासंबंधानें तीन पत्रें आलीं आहेत, एक अकोल्याहून, एक दर्यापूरहून व एक अमरावतीच्या कॅम्पांतून. तिन्ही पत्रांचा सूर सारखाच आहे. झाड विकत आणलें तेव्हां हिरवेंगार होतें. घराबाहेर ठेवल्यावर त्याच्या पानांच्या कडा करपल्या. तर वऱ्हाडच्या उन्हांत हें झाड जगत नाहीं असें समजावें काय?

आम्हीं हें झाड दोनदां सांभाळावयास घेतलें आणि त्यांपैकीं एकदां तें घालविलें. तेव्हां उत्तर देण्याचा अधिकार आमच्याकडे आहे, असें वाटतें.

झाडाचें बाजारांतलें नांव फिडल लीफ फिग. फिडल म्हणजे व्हायोलिन. याचें पान हातभर लांबीचें, चामड्यासारखें जाड, टोकाकडे रुंद आणि मध्यें कमरेपाशीं आवळलेलें असतें. आमच्या वहिनींनीं तें पाहतांच “अगोबाई, ही तर सारंगी!” असे उद्गार काढले, आणि तेव्हांपासून आमच्या घरीं तो सारंगीवड झाला. वनस्पतिशास्त्रांत याला फायकस लायराटा म्हणतात. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानें १८९४ सालीं हें नामकरण केलें. त्यांतील लायरा हेंही एक ग्रीक तंतुवाद्यच. म्हणजे जर्मन पंडित आणि आमच्या वहिनी यांच्यांत वाद्यापुरताच काय तो मतभेद आहे.

आतां यांतील फायकस हा शब्द महत्त्वाचा. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हीं सगळीं याच कुळांतलीं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंत जीं सखल प्रदेशांतलीं दाट, दमट अरण्यें आहेत तें याचें माहेर. तेथें हें झाड दुसऱ्या एखाद्या वृक्षाच्या बेचक्यांत पक्ष्यानें टाकलेल्या बीजांतून उगवतें, मुळें खालीं सोडतें आणि वेळप्रसंगीं आश्रय देणाऱ्या वृक्षालाच आवळून टाकतें. गाविलगडाच्या किंवा नरनाळ्याच्या तटांत रुजलेले वड-पिंपळ ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही रीत नवी वाटावयाची नाहीं. पूर्ण वाढल्यावर याची उंची १२ ते १५ मीटर, म्हणजे चाळीस-पन्नास फूट होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतली ती नाजुक कुंडी म्हणजे या महावृक्षाचें बालपण होय, हें विकत घेणारास बहुधा कोणी सांगत नाहीं. २०१० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतल्या व युरोपांतल्या घरसजावटीच्या चित्रांतून हें झाड एकाएकीं लोकप्रिय झालें, आणि तेथून तें आमच्याकडच्या रोपवाटिकांत आलें. त्यामुळें तें घरांतच ठेवावयाचें असतें अशी समजूत सर्वत्र झाली आहे. वास्तविक मुंबई-पुण्याकडील बागांतून तें उघड्यावर चांगलें वाढलेलें दिसतें.

आमच्या घरीं तें आलें त्याला पांच वर्षें झालीं. धाकट्या चिरंजीवांच्या विवाहानंतरच्या पहिल्या दिवाळीस आमचे व्याही अमरावतीहून आले, तेव्हां येतांना हें रोप घेऊन आले. एकाच रोपवाटिकेंतून, सारख्याच उंचीचीं, तीन-तीन फुटांचीं दोन रोपें त्यांनीं घेतलीं होतीं. एक स्वतःच्या अंगणासाठीं आणि एक लेकीच्या घरासाठीं. “बघूं या कोणाचं आधीं छपराला लागतं,” असें ते हंसत म्हणाले होते. पुढल्या माघांत ते हृदयविकारानें अचानक गेले. तेव्हांपासून त्या कुंडीची किंमत आमच्या घरांत कोणीं रुपयांत केली नाहीं.

आणि तरीही तें झाड आम्हीं घालविलें. तें कसें, हें सांगणें तिन्ही पत्रांना एकच उत्तर होईल.

पहिली चूक अगदीं साधी होती. हिंवाळाभर रोप माजघराच्या खिडकीशीं होतें. चैत्रांत आम्हांला वाटलें कीं, झाड तें झाड, त्याला ऊन नको काय? म्हणून एका सकाळीं कुंडी उचलून पश्चिमेच्या अंगणांत ठेवली. चौथ्या दिवशीं वरच्या चार पानांवर पांढुरके, मग तपकिरी असे मोठे चट्टे उमटले. सांवलींत तयार झालेलें पान सांवलीपुरतेंच बांधलेलें असतें. त्याला एकदम भर उन्हांत नेलें तर तें भाजतें, आणि भाजलेलें पान पुन्हां हिरवें होत नाहीं. उन्हाची संवय जुन्या पानाला फारशी लागत नाहीं, ती झाडाला लागते. म्हणजे उन्हाच्या संगतींत जीं नवीं पानें फुटतात तीं जाड व किंचित् लहान येतात आणि तींच पुढें टिकतात. म्हणून घरांतलें रोप बाहेर काढावयाचें तें चैत्र-वैशाखांत कधींही नव्हे. मृगाचे दोन चांगले पाऊस पडून हवेंत ओल आली कीं काढावें. आषाढ-श्रावणाच्या ढगाळ दिवसांत तें नवीं पानें काढतें, आणि आश्विनाच्या उन्हाला तोंड देण्याइतकें तयार होतें. आरंभीं सकाळचा एखादा तास, पुढें दर आठवड्यास थोडा अधिक, याप्रमाणें महिनाभर चढवीत न्यावें.

ही चूक आम्हीं सुधारली. पावसाळ्यांत झाडाला नवीं सहा पानें आलीं आणि घरांत आनंदीआनंद झाला. त्या उत्साहांत आम्हीं तें पश्चिमेच्या अंगणांत, वादळांत पडलेल्या जुन्या कडुनिंबाच्या जागीं, जमिनींत लावून टाकलें. पुढल्या उन्हाळ्यांत त्याला पऱ्हाटीचा कूड केला, वर हिरवी जाळी बांधली. इतकें करूनही फाल्गुनाच्या अखेरीस पानांच्या कडा तपकिरी होऊं लागल्या. आधीं खालच्या पानांच्या, मग वरच्या. कड वाळावी, कुरकुरीत व्हावी, आणि तो तपकिरी पट्टा रोज थोडा आंत सरकावा.

एकत्र कुटुंबांत झाड वाळूं लागलें कीं निदान करणारे वैद्य पुष्कळ निघतात. आमच्या दादांनीं उन्हाला दोष दिला. घरांतून असें सुचविण्यांत आलें कीं झाड परक्या मुलखाचें, त्याला येथलें मानवत नाहीं. आम्हीं स्वतः (हें लिहितांना लाज वाटते) सूनबाईंना विचारलें कीं कॉलेजच्या गडबडींत पाणी घालावयाचें राहून जातें काय. सूनबाई महाविद्यालयांत शिकवितात, सकाळीं सातला बाहेर पडतात. त्यांनीं उलट उत्तर केलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून एकाऐवजीं दोन बादल्या पाणी घालूं लागल्या. झाड त्या मानानें लवकर वाळलें. मृगापूर्वींच त्याचीं निम्मीं पानें गळलीं, आणि उरलेलें खोड श्रावणांत काळ्या जमिनीच्या चिखलांत कुजून गेलें.

त्यानंतर दिवाळीला आम्ही अमरावतीस व्याह्यांच्या घरीं गेलों. वडाळी तलावाच्या बाजूला त्यांचें घर आहे. अंगणांत पाऊल टाकलें आणि आम्ही थबकलों. त्याच रोपवाटिकेंतलें, त्याच दिवशीं घेतलेलें दुसरें झाड तेथें आठ फुटांवर उंच झालें होतें. पान न्‌ पान निर्मळ, तेलाचा हात फिरविल्यासारखें. वर जाळी नाहीं, भोंवतीं कूड नाहीं. ऊन तेंच. अकोल्यापेक्षां अमरावतीचा पारा एखाद-दुसरा अंश खालीं असेल, पण एवढ्यानें असा फरक पडत नसतो. विहीणबाईंना विचारलें, तर त्या म्हणाल्या, “मी कांहींच करीत नाहीं हो. आठवड्यांतून दोनदां नळाचं पाणी घालते, तेवढंच.”

नळाचें पाणी! हा शब्द परतीच्या वाटेवर आमच्या डोक्यांत घोळत राहिला. अमरावतीला नळ येतो तो मोर्शीकडील अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याचा; तें पाणी गोडें. अकोल्यालाही नळ येतो तो महानच्या काटेपूर्णा धरणाचा, तोही गोडाच. पण आमच्याकडे तो रोज येत नाहीं, आणि आला तें पाणी पिण्यास, स्वयंपाकास व देवाला लागतें. बागेला आमच्या घरचें बोअरचें पाणी. तें मचूळ आहे हें आम्ही लहानपणापासून जाणतों. त्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं व साबणाला फेंस येत नाहीं. आणि उन्हाळ्यांत तर आम्ही त्याच्याही पुढें गेलों होतों. कूलरच्या टाकींत तळाशीं जें पाणी उरतें तें रोज गटारांत ओतून द्यावयाचें म्हणजे वऱ्हाडांत पातक. म्हणून तें झाडाला घालावें, असा हुकूम आम्हींच काढला होता. काटकसरीची ही युक्ति सुचल्याबद्दल आम्हीं स्वतःला शाबासकीही दिली होती.

कूलरमध्यें काय घडतें, याचा विचार त्या वेळीं केला असता तर झाड वांचलें असतें. दिवसभर ताट्यांतून पाणी वाफ होऊन जातें. जातें तें निव्वळ पाणी. त्यांतले क्षार मागेंच राहतात. टाकी रिकामी होत आली कीं पुन्हां बोअरचें पाणी भरावयाचें, त्याचेही क्षार त्यांत मिळावयाचे. ताट्यांवर चैत्र-वैशाखांत जो पांढरा थर धरतो तो याचाच. म्हणजे तळाचें पाणी हा एक प्रकारें बोअरच्या पाण्याचा काढा झाला. पाण्यांतील विरघळलेले क्षार मोजण्याचें एक लहानसें यंत्र, टीडीएस मीटर, थोडक्या किंमतींत मिळतें. तें आणून आम्हीं तिन्ही पाणी मोजलीं. नळापेक्षां बोअरचा आंकडा कितीतरी चढा निघाला, आणि कूलरच्या तळचा आंकडा बोअरच्या तिपटीहूनही अधिक. झाड मुळांवाटे पाणी घेतें व पानांवाटे हवेंत सोडतें. क्षार मात्र पानांतच अडकतात आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन पानाच्या टोकाला व कडेला सांचतात. म्हणून कड आधीं जळते. सूनबाईंनीं दोन बादल्या घातल्या तेव्हां विष दुप्पट गेलें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं त्यांना बोलावून मीटर दाखविला आणि म्हटलें, “सूनबाई, तुझं पाणी कमी पडलं नव्हतं. आम्हीं सांगितलेलं पाणीच वाईट होतं.” त्या कांहीं वेळ मीटरकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाबा, ताट्यांवरचं पांढरं पाहून मला एकदां शंका आली होती. पण तुम्हीं सांगितलेलं, म्हणून बोललें नाहीं.” यावर काय बोलावें तें आम्हांला सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कूलरच्या टाकीची तोटी गटाराकडे वळविण्याचें काम मात्र आम्हीं स्वतःच्या हातानें केलें.

या पाण्याची हकीकत वऱ्हाडांत केवळ आमच्या घरापुरती नाहीं. पूर्णेच्या दोहों बाजूंना अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथें नदीच्या गाळाच्या खोल जमिनींत व तिच्या पोटांतल्या पाण्यांत क्षार सांचलेले आहेत. विहीर खोल नेली म्हणजे गोडें पाणी लागेल ही आशा तेथें फोल ठरते. तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाच्या पाण्यावर कापूस, तूर, हरभरा पिकवीत आला आहे. दर्यापूरच्या पत्रलेखिका भगिनी याच पट्ट्यांत राहतात. त्यांनीं सारंगीवडाला बोअरचें पाणी घालूं नये, हें आम्ही निक्षून सांगतों. तसेंच घरांत पाणी शुद्ध करण्याचें आरओ यंत्र असेल, तर त्याच्या बाजूच्या नळींतून जें पाणी बाहेर टाकलें जातें तेंही घालूं नये, कारण तेंही कूलरच्या पाण्याचेंच भावंड आहे. त्यांनीं पावसाळ्यांत पन्हाळीचें पाणी पिंपांत धरून ठेवावें. झाडाला उन्हाळ्यांतही आठवड्यास दोन-तीन वेळांच, पण मुळांच्या खालपर्यंत जाईल असें भरपूर पाणी लागतें; रोज थोडें थोडें शिंपडल्यानें क्षार वरच्या थरांतच बसतात. ज्यांच्या मनांत शंका असेल त्यांनीं माती व पाणी तपासूनच घ्यावें. १९६९ सालीं अकोल्यास स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे त्यासंबंधीं चौकशी करावी. शेतासाठीं आपण माती तपासून घेतों, मग अंगणासाठीं संकोच कां धरावा?

अकोल्याच्या पत्रांत पानाचें छायाचित्र आहे, त्यांत करपलेला भाग कडेला नसून पानाच्या मध्यावर, तोही फक्त पश्चिमेकडे तोंड केलेल्या पानांवर आहे. हें पाण्याचें काम नव्हे, उन्हाचें आहे. तें रोप पावसाळ्यापर्यंत ओसरीवर घ्यावें. अमरावतीच्या पत्रांतील झाडाचीं खालचीं पानें काळपट डाग पडून पटापट गळत आहेत व कुंडींतून आंबूस वास येतो, त्या अर्थीं मुळें कुजलीं आहेत. पाणी थांबवावें, कुंडी उपडी करून काळीं पडलेलीं मुळें कापून टाकावीं आणि कोरड्या, मोकळ्या मातींत पुन्हां लावावें. तीन घरचीं तीन दुखणीं, आणि तिघांनींही खापर फोडलें तें उन्हाच्या माथीं.

उन्हाला अगदींच निर्दोष ठरविणेंही बरोबर नाहीं. त्याच्या माहेरीं पारा ३५ अंशांच्या वर क्वचितच जातो आणि पाऊस आमच्या दुपटीहून अधिक पडतो. आमच्याकडे चैत्रापासून पश्चिमेचा जो भाजून काढणारा वारा सुटतो तो या रुंद पानांतलें पाणी शोषून घेतो. म्हणून जागा पूर्वेची पाहावी. सकाळीं दहा-साडेदहापर्यंतचें ऊन मिळावें आणि पुढें घराची किंवा एखाद्या मोठ्या झाडाची सांवली पडावी. पहिले दोन उन्हाळे पऱ्हाटीचा कूड पश्चिमेला उभा करावाच. तिसऱ्या वर्षीं झाड आपलें आपण पाहतें. थंडीचें म्हणाल तर पौषांत कांहीं रात्रीं पारा १० अंशांच्या खालीं उतरतो, तेव्हां तें एखाद-दुसरें पान टाकतें. त्यानें घाबरूं नये.

जमिनीविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण आमच्या झाडाचा शेवट अखेर तीनेंच केला. काळी कपाशीची जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत हातभर भेगा टाकते. तिच्यांत खड्डा खणून तो चांगल्या मातीनें भरला तरी पावसाळ्यांत त्या खड्ड्याचा हौद होतो. भोंवतालची जमीन पाणी जाऊं देत नाहीं आणि मुळें त्यांत बुडून राहतात. विहीणबाईंच्या घरीं अंगण मुरमाड, त्यामुळें पाणी निघून जातें. काळ्या जमिनींत याला उपाय एकच, झाड खड्ड्यांत न लावतां ओट्यावर लावणें. फूट-दीड फूट उंचीचा, चांगला रुंद मातीचा ओटा करावा. त्यांत मुरूम, काळी माती व कुजलेलें शेणखत कालवावें, आणि खालची जमीनही दोन-तीन फूट मोकळी करून घ्यावी. चुनखडीच्या जमिनींत आणखी एक खोड आढळते. नवीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. वरूड-मोर्शीच्या संत्रेवाल्यांना हें चांगलें ओळखीचें आहे. जमिनींत लोह असतें, पण चुन्यामुळें तें झाडाला घेतां येत नाहीं. अशा वेळीं हिराकस जमिनींत घालून उपयोग होत नाहीं, तो तेथेंच अडकतो. चिलेटेड लोह म्हणून जें मिळतें, त्यांतही ईडीडीएचए प्रकारचें, तें पाण्यांतून द्यावें.

किडींचा उपद्रव फार नाहीं. कोरड्या दिवसांत पानांच्या पाठीला लाल कोळी व बगलेंत पिठ्या ढेकूण दिसतात. संध्याकाळीं निंबोळी अर्क फवारला कीं भागतें. मात्र पान तोडलें कीं जो पांढरा चीक येतो तो लहान मुलांच्या हाताडोळ्यांना लागूं देऊं नये, कातडीची आग होते.

आतां राहिला जागेचा मोठा प्रश्न, ज्यावरून आमच्या घरांत दोन महिने चर्चा चालली. कडुनिंबाची पश्चिमेची जागा पुन्हां रिकामी झाली होती. सूनबाईंच्या मनांत तेथें पुन्हां सारंगीवड यावा असें होतें. दादांचें म्हणणें पडलें कीं, तेथें उंबर लावावा. ते दत्तभक्त आहेत, तेव्हां हा आग्रह भक्तीचा असेल असें आम्हांला प्रथम वाटलें. परंतु त्यांनीं कारण दिलें तें निराळेंच होतें. “उंबर पिकला कीं पांखरं येतील. तुमचा सारंगीवड कोणाला जेवूं घालणार?”

यांत तथ्य आहे. उंबर फोडला कीं आंत चिलटांसारखे किडे दिसतात हें आपण लहानपणापासून पाहतों. ते किडे म्हणजे उंबराचे भटजीच म्हणावयाचे. त्यांच्यावांचून उंबराचें लग्न लागत नाहीं. या कुळांतल्या बहुतेक प्रत्येक जातीचा गांधीलमाशीसारखा इवलासा कीटक ठरलेला असतो, तोच फळांत शिरून पराग नेतो. सारंगीवडाचा कीटक आफ्रिकेंत राहिला. त्यामुळें येथें त्याला फळें धरलीं तरी त्यांत रुजणारें बीज होत नाहीं. एका परीनें हें बरेंच आहे. अमेरिकेंतील फ्लोरिडांत शोभेसाठीं नेलेल्या एका आशियाई वडाचा कीटक मागाहून तेथें पोंचला, आणि तें झाड इमारतींच्या भिंतींतून व दुसऱ्या झाडांच्या खोडांवर आपोआप उगवूं लागलें. त्याच फ्लोरिडांत फोर्ट मायर्स गांवीं एडिसनच्या बागेंत आपल्याकडून गेलेला वड आहे. १९२५ सालीं लावलेलें तें चार फुटी रोप आतां सुमारें एक एकर व्यापून बसलें आहे. योगायोग असा कीं, हावड्याच्या वनस्पति उद्यानांतील प्रसिद्ध वडाचें मूळ खोड त्याच १९२५ सालीं बुरशी लागल्यामुळें कापून काढावें लागलें, आणि तरीही तो वड पारंब्यांच्या बळावर आजतागायत वाढतो आहे. हें कूळ कोठेंही गेलें तरी जागा मागतें. म्हणून भिंत, आड, पाण्याचे नळ व मैल्याची टांकी यांपासून सारंगीवड निदान पंधरा ते वीस फूट दूर असावा. एवढें अंगण नसेल तर तो कुंडींतच ठेवावा आणि दर पावसाळ्यांत शेंडा खुडून आटोक्यांत राखावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

निकाल असा झाला कीं, पश्चिमेला उंबर लावला. तो गेल्या आषाढांत लावला असून छातीइतका झाला आहे. सारंगीवडासाठीं पूर्वेची बाजू ठरली. रोपवाटिकेंतून नवें रोप आणतां आलें असतें. चिरंजीव तसें म्हणालेही. परंतु सूनबाई गप्प राहिल्या आणि गेल्या आषाढांत माहेरीं जाऊन त्यांनीं तेथल्या झाडाला गुटी बांधली. डाळिंबाला बांधतात तशीच. पेन्सिलीहून थोड्या जाड फांदीची दोन बोटें साल काढावयाची, चीक पुसून घ्यावयाचा, ओलें शेवाळ भोंवतीं दाबून वर प्लास्टिक घट्ट गुंडाळावयाचें. विहीणबाई रोज सकाळीं जाऊन पाहत, आणि दूरध्वनीवर बातमी कळवीत. सात आठवड्यांनीं प्लास्टिकच्या आंत पांढरीं मुळें दिसलीं. गौरी-गणपतीनंतर सूनबाईंनीं ती फांदी खालून कापली आणि एस.टी.नें, मांडीवर धरून, अकोल्यास आणली. दोन पानें वाटेंत दुमडलीं.

ती आज आमच्या पूर्वेच्या ओसरीवर कुंडींत आहे. हिंवाळा तिनें काढला, आणि या वैशाखांतही तिचीं नऊ पानें शाबूत असून दहावें शेंड्याच्या तांबूस आवरणांतून डोकावत आहे. पाणी नळाचें, तांब्यानें मोजून. मृगानंतर ती ओट्यावर लावावयाची. जागा सूनबाईंनीं आतांच खणून घेतली आहे आणि ती उन्हांत तापत पडली आहे. काल संध्याकाळीं दादांनीं भिंतीपासून तेथपर्यंतचें अंतर पावलांनीं दोनदां मोजलें. एकदां अठरा भरलें, एकदां एकोणीस.